पानातून कापलेली चौकट

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. या वर्षी, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मधली सुट्टी संपायच्या जरा आधी, डोंबिवलीतल्या एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत. आदल्याच दिवशी त्या शाळेतली पोरं तिच्या पाया पडली होती आणि घरी येताना तिच्या पर्समधून गुलाबांचे देठ बाहेर डोकावत होते. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेने तिला सांगितलं, की तू आमच्या मुलांजवळ बसायच्या लायकीची आहेस का ते आम्हाला ठरवावं लागेल.

मी पत्रकं लिहिते. पाणी, कचरा, स्टेशनबाहेरचा गायब झालेला फुटपाथ. पत्रकात कोणावर अन्याय झाला, कधी झाला आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं एवढंच सांगायचं असतं. मधलं रामायण कापायचं, लोक उभ्याउभ्या वाचतात. पण या वेळी मधलंच सांगणार आहे, कारण सगळी वाट लागलीय ती मधलं कोणी न वाचल्यामुळेच.

ताई शाळेत चित्रकला शिकवते. स्मरणचित्र, संकल्पचित्र, समोर मांडून काढायची भांडी आणि पडदा. नोकरी कंत्राटी, यंदा कायम होणार असं तिला तोंडी सांगितलेलं. शाळा सुटली की ती घरी येते, जेवणाच्या टेबलावरून वर्तमानपत्र आणि लोणच्याची बरणी बाजूला करते, आणि स्वतःचं काम काढते. हे तिचं काम म्हणजे चित्रकथा. लहान मुलांची नाही, मोठ्या माणसांनी वाचायची. ससा नाही, राजपुत्र नाही. अंधाऱ्या, अघटित गोष्टी, ज्यात माणसं नेहमीचीच असतात, भाजी आणतात, गॅसचा नंबर लावतात, आणि मग काहीतरी असं होतं की वाचणाऱ्याला आपलंच घर ओळखीचं वाटेनासं होतं.

गोष्टी तिच्या नाहीत. त्या नौपाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या आहेत. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकू तरुणपणी मोहने गावच्या शाळेत शिकवायच्या, आणि कोणे एके काळी त्यांच्या गोष्टी दिवाळी अंकांत यायच्या. पुस्तक कधी झालं नाही. ताईला एक जुना अंक रद्दीत मिळाला, त्यात काकूंची एक गोष्ट होती. ती तिने लागोपाठ दोनदा वाचली, आणि मग म्हणाली, "ही बाई जिवंत असेल तर मला तिच्याकडे जायचंय." जिवंत होत्या. मी सोबत गेलेले.

ती गोष्ट अशी. एका कंपनीची वसाहत. कंपनी बंद पडलीय, पण पाळीचा भोंगा अजून वाजतो. तो फक्त पुरुषांना ऐकू येतो. ते झोपेतच उठतात, चपला घालतात आणि बंद गेटकडे चालायला लागतात, आणि त्यातले काही परत येत नाहीत. वसाहतीतली एक बाई ठरवते की माझा जाणार नाही. ती गोधडीची जाड सुई घेते आणि झोपलेल्या नवऱ्याची सावली गोधडीला शिवून टाकते.

काकूंनी ताईची पहिली पानं भिंगातून पाहिली. प्रत्येक चौकट नाकाशी धरून.

"माझी वाक्यं कुठे गेली?" काकू म्हणाल्या.

"ठेवलीत थोडी, काकू. बाकीची चित्रात गेली."

"म्हणजे तू खाल्लीस." मग भिंग खाली सरकलं. "आणि हे काय? माझी बाई गाऊन घालत नव्हती."

"काकू, वसाहतीत सगळ्या गाऊनच घालतात. वर ओढणी."

"माझ्या वेळी पातळ होतं."

"पातळ काढते."

"नको," काकूंनी जरा विचार केला. "गाऊनच राहू दे. गाऊनमध्ये ती जास्त भयंकर दिसते. अगदी समोर राहणारी वाटते."

अशा तीन गोष्टींचं पुस्तक झालं. ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने काढलं. मुखपृष्ठावर खालच्या कोपऱ्यात स्पष्ट छापलं होतं, "मोठ्या वाचकांसाठी". ताईने हे तीनदा बजावून छापून घेतलं होतं, तिला पोरांची काळजी माझ्यापेक्षा जास्त. एक प्रत तिने आमच्या जवळच्या वाचनालयाला भेट दिली. लहानपणापासूनचं वाचनालय, तिथेच आम्ही दोघी वाढलो. भेट देताना तिला इतका आनंद झालेला की मीही टवाळी केली नाही.

आता नीट वाचा. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला प्लास्टिकचं कव्हर घालतात आणि क्रमांकाचं लेबल चिकटवतात. लेबल कुठे? मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात. बरोबर "मोठ्या वाचकांसाठी" या शब्दांवर. त्यानंतर पुस्तक उघडून बघितलं, आत चित्रं दिसली, म्हणून बालविभागात लावलं. मी नंतर विचारायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाई रागावल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, चित्रं आहेत ना त्यात? चित्रांची पुस्तकं बालविभागात. पहिल्यापासून तसंच आहे."

"आत बाई सुई घेऊन बसलीय, बाई."

"मग परीकथेत चेटकीण नसते का?"

असते. तेही खरंच.

पुस्तक सापांच्या आणि पतंगांच्या गोष्टींशेजारी महिनाभर उभं राहिलं. मग आमच्याच सोसायटीतल्या, समोरच्या विंगमधल्या एका आजोबांनी ते नातीसाठी घरी नेलं. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणारे. दुपारी नातीला निजवताना चित्रं दाखवू म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं, आणि उघडलं तेच नेमकं ते पान. त्या पानावर सहा चौकटी आहेत. तिसरी सगळ्यांत मोठी. त्यात बाई नवऱ्याच्या उशाशी गुडघ्यावर बसलीय, हात वर, हातात सुई, आणि खाली तो गळा उघडा टाकून गाढ झोपलाय. सहाव्या चौकटीत सुई सावलीत जाते, दोरा सावलीतून येतो, आणि बाईचे डोळे भरलेत. पण ती चौकट लहान आहे, खाली कोपऱ्यात.

आजोबांनी तिसऱ्या चौकटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "लहान मुलांच्या पुस्तकात नवऱ्याचा खून! आपल्या मुली काय शिकणार? विचार करा." हात जोडलेली तीन चित्रं.

लोकांनी विचार केला नाही. फोटो पुढे पाठवला.

चार दिवसांत तो खडवलीच्या आमच्या मावशीपर्यंत पोचला. तिने तो आम्हालाच पाठवला, "बघा बाई, काय काय काढतात लोक!" असं लिहून. कोणी काढलंय हे तिला माहीतच नव्हतं. ताईने ते वाचलं आणि फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचा फोन पालथाच असतो. वाजला की आधी माझ्याकडे बघते.

कोणीतरी पाचवीतल्या मुलाच्या आईने नाव शोधून काढलं. चित्रकलेच्या मॅडम! झालं. फोटो शाळेत गेला, आणि गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ताईला बोलावणं आलं. तिथे काय झालं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारून काढून घेतलंय, तेव्हा यातलं काही माझं नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही."

हे वाक्य ऐकलं की समजायचं, गेलात तुम्ही.

"मी ते पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही, मला भीती वाटते असल्याची. पण पालक विचारतात. तुम्ही एवढंच लिहून द्या, की यापुढे अशा प्रकारची चित्रं काढणार नाही. विषय संपला. कायम करायचं संस्थेच्या मनात आहेच."

"आणि नाही दिलं तर?"

"असं टोकाचं का बोलता? गणपतीनंतर कमिटीची बैठक आहे. तोपर्यंत विचार करा."

म्हणजे बघा. चूक वाचनालयाच्या लेबलाची. पान अर्धं बघितलं आजोबांनी. पुढे पाठवलं शेकडो लोकांनी. आणि लिहून द्यायचं ताईने. आणि काय लिहून द्यायचं? शाळेत काढणार नाही असं नाही, शाळेत ती भांडी आणि पडदाच काढते. घरच्या टेबलावर, स्वतःच्या वेळेत, मोठ्या माणसांसाठीसुद्धा काढणार नाही, असं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. ताईने लॅपटॉप बंद केला. "तुझ्या पत्रकाने माझी नोकरी आजच जाईल," म्हणाली. मला राग आला, पण तिचं खरं होतं.

मला वाटलं, आई तरी बाजू घेईल. आमची आई कोकणातली. तिने आम्हाला लहानपणी जे सांगितलंय ते छापायला एकही प्रकाशक तयार होणार नाही. विहिरीतून वर येणारी बाळंतीण, उलट्या पायांची माणसं, कोणाच्या पाठीवर बसून शेवटपर्यंत न उतरणारी म्हातारी. आम्ही तापाने फणफणायचो आणि ती पुढे सांगत राहायची. दशावतारात राक्षसाचं पोट फाडतात तेव्हा गावातली सगळी पोरं पुढच्या रांगेत बसलेली असतात, त्यांना कोणी घरी पाठवत नाही. हे मी तिला म्हटलं.

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ते बोलायचं असतं गो. बोललं की वाऱ्यावर जातं. हिने काढून ठेवलं. काढून ठेवलेलं घरात राहतं."

"मग?"

"मग काय मग? मला पण भीती वाटते. ती बाई माझ्यासारखी दिसते."

खरंच दिसते. ताईने आईला बघूनच काढलीय. आईला ते कळलं होतं आणि तिने इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. "वाईट दिसते का?" ताईने दारातून विचारलं. आई म्हणाली, "नाही. पण मी शिवलं असतं तर टाके बारीक घातले असते." आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

मग मी आजोबांकडे गेले. तयारीने गेले, पुस्तक काखेत. दार त्यांनीच उघडलं.

"या, पुढारी. आज कसला मोर्चा?"

"तुमच्यावरच काढलाय, आजोबा."

"बस. पाणी घे, मग घोषणा दे."

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. ते मागे सरकले. खरंच सरकले, खुर्चीसकट.

"मला सांग," म्हणाले, "एवढी मोठी सुई घेऊन बाई नवऱ्याच्या उशाशी बसलीय. मी काय समजायचं? वारा घालतेय?"

"खाली बघायचं. त्याच पानावर आहे."

"नात शेजारी होती. मी घाबरलो. मी पुस्तक मिटलं."

"आणि फोटो?"

"तो दुसऱ्या दिवशी काढला."

"म्हणजे परत उघडलंत."

आजोबा म्हणाले, "हो. पण तेवढंच बघितलं. पुढे काय होतं?"

मी सांगितलं. ती मारत नाही, सावली शिवते. सकाळी तो उठतो, चहा मागतो, पण त्याला गोधडीवरून हलता येत नाही. भोंगा त्याला नेऊ शकत नाही आणि तो संडासालाही जाऊ शकत नाही. वर्षं जातात. ती त्याला भरवते, पुसते. शेवटी एके दिवशी ती टाके उसवायला बसते, शेवटचा टाका उरतो, आणि भोंगा वाजतो. या वेळी तो तिलाही ऐकू येतो. संपली गोष्ट.

आजोबांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आजी आजारी असतात त्यांच्या, आतल्या खोलीत पडून, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. मला ते बोलताना आठवलं नाही.

"हे फोटोपेक्षा वाईट आहे," ते म्हणाले.

"म्हणून मोठ्यांसाठी आहे."

"हं. हे आधी सांगायचं ना कोणीतरी."

"आता तुम्ही सांगा. ग्रुपवर. आख्खं पान टाका आणि लिहा की माझा गैरसमज झाला."

त्यांनी मान हलवली. "आता काय टाकू? एवढे दिवस झाले. लोक हसतील. जाऊ दे, विसरतील सगळे."

लोक विसरले नाहीत, मी सांगते. सोसायटीच्या गणपतीचा मागचा पडदा दर वर्षी ताई रंगवते. या वर्षी परस्पर फ्लेक्स आला, कमळं छापलेला. रांगोळी स्पर्धेला परीक्षक बाहेरून आणले. ताईला कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी हसून प्रसाद दिला. रविवारी तिच्याकडे चित्र शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एकाला ताप आला, एकाची क्रिकेटची वेळ बदलली, एकीची आजी गावाहून आली. सगळ्यांना एकाच रविवारी. वाचनालयाने पुस्तक बालविभागातून काढलं, पण मोठ्यांच्या कपाटात लावलं नाही. कुलपातल्या कपाटात ठेवलं, जिथे ती पुस्तकं असतात जी मागताना लोक मान खाली घालतात. चित्रांच्या पुस्तकाला आमच्याकडे दोनच जागा. एक पोरांची, एक लाजेची.

नौपाड्याहून काकूंचा फोन आला. त्यांना कोणीतरी फोटो दाखवलेला. "माझी गोष्ट छापून आली तेव्हा कोणी एक अक्षर बोललं नाही," म्हणाल्या. "मला वाटायचं लोकांना आवडली. आता कळतंय, वाचलीच नव्हती. तुझ्या त्या शाळेला सांग, सुई मी दिली त्या बाईच्या हातात. मला बोलवा म्हणावं." ताई हसली, किती दिवसांनी. पण शाळेने काकूंना बोलावलं नाही. शब्द लिहिणारी त्यांना दिसतच नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पत्रकवाल्यांना शिव्या खायची सवय असते. पण गेल्या आठवड्यात मी घरी आले तर टेबलावर ताईची दुसऱ्या पुस्तकाची पानं पसरलेली आणि शेजारी पांढऱ्या रंगाची बाटली उघडी. पुढची गोष्ट एका विहिरीची आहे. त्यात एक मूल पाण्यात वाकून बघतं आणि खालून दुसरंच तोंड वर बघतं. ताईने ते खालचं तोंड पांढरं करून टाकलं होतं. पूर्ण नाही. अर्धं. नुसतं पाणी राहिलेलं.

"हे काय केलंस?"

"जरा जास्त झालं होतं गं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." मग जुनं पुस्तक ओढून तिने ती तिसरी चौकट उघडली आणि मला विचारलं, "खरं सांग, ही सुई मी फार मोठी काढली का?"

तिने अजून काही लिहून दिलेलं नाही. पण द्यायची गरजच काय? तिच्याच हाताने ती रोज थोडं थोडं पुसतेय. आधी ती चौकट काढताना तिथला अंधार बघायची. आता ती चौकट काढते आणि त्या पाचवीतल्या मुलाच्या आईच्या डोळ्यांनी बघते, आजोबांच्या डोळ्यांनी बघते, मावशीच्या बघते. एवढे डोळे घेऊन कोण काढणार? परवा वर्गात एका पोराने विचारलं, "मॅडम, भूत काढा ना फळ्यावर." तिने फूल काढलं. मला हे सांगताना ती म्हणाली, "आणि मला हायसं वाटलं."

कमिटीची बैठक येत्या सोमवारी आहे. लिहून दिलं तर ती कायम होईल, पगार वाढेल, आई सुटकेचा निःश्वास टाकेल, आणि काकूंच्या उरलेल्या गोष्टी पुन्हा रद्दीत जातील. नाही दिलं तर नोकरी जाईल. ताई काय करणार आहे हे मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणते, बघू. हे लिहू का, असंही विचारलं. या वेळी लॅपटॉप बंद केला नाही. म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस, पण मधलं सगळं लिही."

लिहिलं.

आता तुमचं काम. तो फोटो तुमच्याकडे आला होता. नाही म्हणू नका, डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत तो सगळीकडे फिरलाय. वाचनालयात जा, काउंटरवर मान वर करून ते पुस्तक मागा, कुलूप उघडायला लावा. ती गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या टाक्यापर्यंत वाचा. घाबरा, आवडली नाही तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण ज्या ज्या माणसाला तुम्ही तिसरी चौकट पाठवलीत, त्याला आज त्या पानाच्या सहाही चौकटी पाठवा. आणि तुमचं मूल त्या शाळेत असेल तर सोमवारी, बैठक सुरू व्हायच्या आत, मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगा: आम्ही अर्धंच बघितलं होतं, या बाईंकडून काहीही लिहून घेऊ नका.